कच्चा कठडा

दानीएल पाटोळेने तीन कठडे केले होते. दिसायला तिन्ही एकसारखे. सहा फूट लांब, कमरेइतके उंच, मधे कातलेले खांब, वर हाताला गोल लागेल अशी दांडी आणि सगळ्यांवर जुन्या सागवानासारखं दिसणारं काळपट पॉलिश. त्यातला एकच खरा होता. त्याला टेकून चार माणसं उभी राहिली असती. बाकीचे दोन सावरीच्या हलक्या लाकडाचे. त्यांच्या दांड्यांना खालच्या अंगाने करवतीचे खोल काप दिले होते आणि त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला होता. नुसता हात ठेवला तर ते धरून राहायचे, अंग टाकलं की मोडायचे. सेटवरचे सुतार त्यांना कच्चा कठडा म्हणायचे आणि खऱ्याला पक्का.

राहुरीपासून थोड्या अंतरावर, मुळा धरणाच्या फुगवट्याकाठी, एका मालिकेसाठी इंग्रजी अमदानीतला दुमजली डाकबंगला उभा केला होता. उभा केला म्हणजे फक्त पुढची बाजू. पाण्याकडून पाहिलं तर खिडक्या, कौलं, वरच्या मजल्यावर लांब गॅलरी. मागे गेलं की प्लायवूडच्या पाठी, बल्ल्यांची परांची आणि गॅलरीत चढायला एक लाकडी शिडी. बंगल्यापुढच्या पायऱ्या मात्र खऱ्या दगडाच्या होत्या, कारण दिग्दर्शिका धनश्री मॅडमना पावलांचा खरा आवाज हवा होता. गॅलरी त्या पायऱ्यांच्या बरोब्बर वर, चौदा फुटांवर.

दानीएल भिंगारचा. वय त्रेपन्न. अठरा वर्षं त्याने मुंबईत गोरेगावला सेटवर काढली होती, पुढे वडील अंथरुणाला खिळले म्हणून घरी परत आला आणि इकडेच राहिला. नगर जिल्ह्यात कुठे शूटिंग निघालं की सुतारकामासाठी त्याचाच फोन वाजायचा. त्याचा जोडीदार वाल्मिक पाथर्डीकडचा, बारा-तेरा वर्षं त्याच्याबरोबर असलेला. दोघांना एकमेकांशी फार बोलावं लागत नसे. एकाने हात पुढे केला की दुसरा त्यात पटाशी ठेवायचा.

त्या दिवशी सकाळी मारामारीचा प्रसंग होता. फाइट मास्टरच्या माणसाने कच्च्या कठड्यावर अंग टाकलं, कठडा कडाकडा मोडला आणि तो खाली रचलेल्या गाद्यांवर पाठीवर पडला. पहिल्याच वेळी शॉट ओके झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाद्या उचलून टेम्पोत टाकल्या. दुसरा कच्चा कठडा पुन्हा शॉट घ्यावा लागला तर म्हणून ठेवलेला, तो वापरायची गरजच पडली नाही. तो सुतारांच्या शेडमध्ये, पक्का कठडा होता त्याच भिंतीला टेकलेला राहिला.

दुपारी त्याच गॅलरीत गोजरबाईंचा प्रसंग होता. गोजरबाई सत्तरीच्या. उभी हयात त्यांनी तमाशाच्या फडात काढली होती आणि आता मालिकेत डाकबंगल्याच्या स्वयंपाकिणीचं काम करत होत्या. त्यांनी दारातून बाहेर यायचं, कठड्यापाशी यायचं, दूर पाण्यावर साहेबाची होडी दिसली की वाकून खाली हाक मारायची, एवढंच.

जेवणानंतर दानीएलला काठावरच्या लाकडी धक्क्यावर बोलावलं. होडी लागायची तिथली एक फळी हलत होती. तो पाण्यात गुडघाभर उभा राहून फळी ठोकत असताना वाल्मिकचा फोन आला.

"दादा, शेडात दोन कठडे हायेत. कंचा बसवू?"

"खुणेचा बघ. कच्च्याच्या बुडाला निळ्या पेन्सिलीची फुली आहे."

"फुली न्हाई दिसत. पेंटरनं सकाळी समद्यालाच पॉलिशचा हात मारलाय, बुडालाबी."

दानीएलच्या एका हातात हातोडी होती, फोन खांद्याने कानाशी दाबलेला. मागून कुणीतरी होडीवाल्याला ओरडत होतं. त्याने डोळ्यांसमोर शेड आणली. रस्त्याकडच्या दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीत पाण्याकडचं दार, त्याच्या उजव्या हाताला कच्चा, डाव्या हाताला पक्का. त्याने स्वतःच ठेवले होते.

"डावीकडचा," तो म्हणाला.

"डावीकडचा. बरं."

अर्ध्या तासाने दिग्दर्शिकेचा सहायक काठावर आला आणि वरूनच त्याने विचारलं, "मिस्त्री, गॅलरीचा कठडा झाला ना? आजींना वर न्यायचंय."

"झाला," दानीएल म्हणाला. तो वर जाऊन बघून आला नव्हता. पण वाल्मिकने बसवला म्हणजे बसवला असणार, यात त्याला शंका नव्हती.

धक्क्याची शेवटची फळी धरायला लांब स्क्रू हवे होते. ते आणायला तो शेडकडे निघाला. धक्क्याकडून येताना पाण्याकडचं दार जवळ पडतं, म्हणून तो त्याच दाराने आत शिरला. उरलेला कठडा भिंतीला टेकलेला होता. स्क्रूचा डबा त्याच्या मागे. डबा काढायला त्याने कठडा एका हाताने बाजूला सारला, आणि तो सरकला नाही.

दानीएलने दुसरा हात लावला. कठडा जड होता. त्याने तो जमिनीवरून चार बोटं उचलला आणि परत ठेवला. पक्क्या कठड्याचं वजन त्याला पाठ होतं. आठवडाभर तोच तर खालीवर केला होता.

तेव्हा त्याला आपण कुठे उभे आहोत हे कळलं. पाण्याकडच्या दारातून आलं की डावं उजवं होतं. वाल्मिकही इकडूनच आला असणार, बंगल्याकडून हेच दार जवळ. त्याने डावीकडचा नेला. पण वजन त्याला कसं कळलं नाही? दानीएलला उत्तरही लगेच सुचलं. गावातल्या हाताखालच्या दोघांनी कठडा उचलून वर चढवला असणार आणि वाल्मिकने वर बसून फक्त स्क्रू मारले असणार. त्या दोघांना काय माहीत कुठल्याचं वजन किती.

तो बाहेर पळाला.

शेडपासून बंगला शंभर पावलं. बाहेर येताच त्याला जाणवलं की सगळीकडे शांतता आहे. जनरेटर बंद. चहाच्या टेबलापाशी माणसं जागच्या जागी उभी. काठावर एकाने लाल झेंडा वर धरला होता. शॉट सुरू झाला होता. या मालिकेत आवाज जागेवरच रेकॉर्ड व्हायचा, त्यामुळे झेंडा वर गेला की सगळ्यांचे मोबाईल बंद आणि कुणी खोकायचंही नाही. फोन करणं शक्य नव्हतं.

गॅलरीचं दार अजून बंद होतं. गोजरबाई आत उभ्या असणार, खुणेची वाट बघत.

ओरडावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात दार उघडून गोजरबाई बाहेर आल्या.

आता ओरडलं तर त्या काय करतील? कोण ओरडतंय ते बघायला पुढे येतील. कठड्याला धरून खाली वाकतील. माणूस तेच करतो. दानीएलने तोंड मिटलं आणि बंगल्याच्या मागच्या बाजूला वळला. अनवाणी होता, पाण्यातून आलेला, त्यामुळे पावलांचा आवाज झाला नाही.

मागे शिडीच्या पायथ्याशी वाल्मिक उकिडवा बसला होता. दानीएलचा चेहरा बघून तो उठला.

"कच्चा लागलाय," दानीएल त्याच्या कानात म्हणाला.

वाल्मिकच्या तोंडाचा रंग उतरला. "तुमीच तर डावी..."

"नंतर."

शिडीवर मॅडमचा सहायक उभा होता, एक पाय वरच्या पायरीवर, कानात वायर. त्याने हात आडवा केला आणि ओठांवर बोट ठेवलं. दानीएलने त्याला सांगायचा प्रयत्न केला नाही. त्याचा दंड धरून बाजूला केलं, त्याच्या अंगावरून चढून वर गेला. तो पोरगेला माणूस मागून त्याचा सदरा ओढत होता. शिवण उसवल्याचा आवाज आला.

वर फळ्यांची अरुंद जागा, आणि समोर दार, अर्धवट उघडं. फटीतून त्याला गोजरबाईंची पाठ दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. त्या कठड्यापाशी पोचल्या होत्या. उजवा हात त्यांनी दांडीवर ठेवला होता. डाव्या हाताने डोळ्यांवर सावली धरून त्या पाण्याकडे बघत होत्या. कठडा धरून होता. नुसत्या हाताला तो धरायचाच. दानीएलने तो केलाच तसा होता, पडायच्या आधी नटाला क्षणभर हात टेकता यावा म्हणून.

पुढच्या क्षणाला त्या दोन्ही हात टेकून वाकणार होत्या. तालमीत त्याने बघितलं होतं.

तो दारातून बाहेर आला. खाली, पाण्याच्या काठाला, कॅमेरा त्याच्याकडे रोखलेला होता आणि त्यामागे पन्नास-साठ माणसं.

"बाई," तो हळू म्हणाला. "हात काढा. मागं या."

गोजरबाई वळल्या नाहीत. पन्नास वर्षं त्यांनी फडात काम केलं होतं. दारू प्यायलेले लोक रंगमंचावर चढलेले त्यांनी पाहिले होते, दिवे जाताना पाहिले होते, आणि कधी काम अर्धवट सोडलं नव्हतं. मागून आलेला आवाज त्यांनी ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी डावा हातही कठड्यावर आणला.

"आली गं बया," त्या म्हणाल्या आणि पुढे झुकल्या. "सायबाची होडी..."

लाकूड करकरलं. बारीक आवाज होता, दोन पावलांवरून ऐकू येईल एवढाच.

दानीएलने मागून दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती टाकले आणि सगळी ताकद लावून मागे ओढलं. दोघेही गॅलरीच्या फळ्यांवर आडवे झाले. गोजरबाईंचं डोकं त्याच्या छातीवर आदळलं.

खालून "कट, कट" असं कुणीतरी म्हणालं, आणि मग एकदम गलका.

गोजरबाई त्याच्या हातातून सुटल्या, गुडघ्यावर आल्या, वळल्या आणि त्याच्या थोबाडीत दिली. सगळं अंग वळवून दिलेली ती चपराक होती. त्याचा कान सुन्न झाला.

"मेल्या, हात कुठं घालतोस?" त्यांनी पदर सावरला. "म्हातारीलाबी सोडत न्हाई व्हय?"

 दानीएलला श्वास लागला होता. तो फक्त हाताने त्यांना मागे, दाराकडे सरकायची खूण करत होता.

धनश्री मॅडम आणि प्रॉडक्शन सांभाळणारे काकासाहेब शिडीने वर येईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. त्या वेळात वाल्मिक वर आला आणि दानीएलला उठवायच्या निमित्ताने वाकला.

"साप दिसला म्हना," तो पुटपुटला. "बाईच्या पायाशी साप हुता म्हना. मी व्हय म्हंतो. कठडा आपुन सांजच्याला बदलू. कुनाला कळायचं न्हाई."

दानीएलने कठड्याकडे पाहिलं. तो जसाच्या तसा उभा होता. पॉलिशवर ऊन चमकत होतं. वरून बघणाऱ्याला त्यात काही खोट दिसली नसती. साप म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. धरणाकाठी साप निघतातच. उलट लोकांनी पाठ थोपटली असती. क्षणभर त्याला ते अगदी सोपं वाटलं.

काकासाहेब बोलतच दारातून बाहेर आले. "मिस्त्री, पिऊन आलास का तू? चालू शॉटमध्ये आजींना धरतोस?"

"काकासाहेब, पुढं येऊ नका," दानीएल म्हणाला. "तो कठडा कच्चा आहे. सकाळच्या मारामारीचा. चुकून तो बसलाय."

"काय बोलतोस? सहायकानं तुला विचारलं होतं. तू झाला म्हणालास."

"म्हणालो. वर येऊन बघितलं नाही मी."

धनश्री मॅडम इतका वेळ गोजरबाईंच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या कठड्याकडे बघत म्हणाल्या, "मला तर नीट दिसतोय. त्या टेकल्या तरी मोडला नाही."

फाइट मास्टर खाली पायऱ्यांपाशी आला होता. त्याने पायऱ्यांवरची माणसं हटवली, वर येऊन गॅलरीच्या फळीवर बूड टेकलं आणि एक पाय दांडीला लावून रेटलं. फार जोर त्याने लावला नाही. दांडी मधोमध मोडली, दोन खांब तिच्याबरोबर गेले आणि सगळं चौदा फूट खाली दगडी पायऱ्यांवर जाऊन आपटलं. एक तुकडा उडून पाण्यापर्यंत गेला.

 गोजरबाईंनी मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसल्या.

"कठडा म्या बसवला," वाल्मिक पुढे येऊन म्हणाला. "चूक माझी हाय."

"त्यानं मला फोन करून विचारलं होतं," दानीएल म्हणाला. "मी डावीकडचा म्हणालो. कुठल्या दारानं आत गेल्यावर डावीकडचा, ते सांगितलं नाही. खूण पुसलीय हे त्यानं सांगितलं होतं, तेव्हाच मी हातातलं टाकून यायला पाहिजे होतं. त्याची चूक नाही."

काकासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी दोघांना घरी जायला सांगितलं. धनश्री मॅडम मधे पडल्या नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली उघडून गोजरबाईंच्या हातात दिली. उरलेल्या दिवसाचं काम रद्द झालं.

वाल्मिक आणि दानीएल मोटरसायकलवरून निघाले.  भिंगारच्या फाट्याला उतरताना वाल्मिक म्हणाला, "मी हलवून बघितला हुता, दादा. धरून हुता."

"धरणारच. मीच केलाय तो."

"म्या उचलून बघायला पायजे हुतं."

"हो," दानीएल म्हणाला. खोटं सांगून त्याला बरं वाटवावं असं त्याला वाटलं नाही. "आणि मी येऊन."

घरी त्याची बायको मार्था शाळेत शिकवून आलेली होती. तिने त्याच्या गालावरची बोटं पाहिली आणि काय झालं विचारलं. त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो लाकडाच्या आवाजापाशी आला आणि पुढे त्याला बोलताच येईना. मार्था त्याच्या शेजारी बसून राहिली. जेवायला तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकासाहेबांचा फोन आला. आवाज कालच्यासारखाच तापलेला होता. "ये. मॅडमनी बोलावलंय. मला विचारशील तर मी बोलावलं नसतं. पण आजी दुसऱ्या सुताराच्या कठड्याला हात लावायला तयार नाहीत."

दानीएल आणि वाल्मिक पोचले तेव्हा गोजरबाई शेडपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मेकअप व्हायचा होता. पिकलेले केस मोकळे, खांद्यावर शाल.

"त्यो कालचा कच्चा काय र्‍हायलाय का कुठं?" त्यांनी विचारलं.

मोडलेले तुकडे शेडमागे पडले होते. दानीएलने दांडीचा एक हातभर तुकडा आणून दिला. मग शेडमधून पक्क्या कठड्याच्याच लाकडाचा तेवढाच एक तुकडा शोधून आणला. गोजरबाईंनी दोन्ही हातांत दोन तुकडे धरले आणि बराच वेळ त्यांचं वजन बघत राहिल्या. कच्च्या तुकड्याच्या खालच्या अंगाला करवतीचा काप होता. त्यांनी त्यात नख घातलं.

"एवढ्यावर म्या टेकले व्हते," त्या म्हणाल्या.

"हो बाई," दानीएल म्हणाला.

"थोबाडीत मारली त्येचं मला काय वाटत न्हाई. म्हाईत नव्हतं मला."

"नका वाटून घेऊ. मी असतो तर मीही मारली असती."

त्यांनी तुकडे खाली ठेवले. "रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. डोळं मिटलं की पायऱ्या दिसत्यात. आज म्या तशीच वर येनार न्हाई, असं मॅडमला सांगितलंय. आदी तू जायाचं. म्या खालनं बगनार. मग ठरवीन."

दानीएल आणि वाल्मिकने पक्का कठडा स्वतः उचलून वर नेला. एका बाजूला दानीएल, दुसऱ्या बाजूला वाल्मिक. शिडीवर दोनदा थांबावं लागलं. स्क्रू वाल्मिकने मारले, आवळले दानीएलने, आणि मग वाल्मिकने ते पुन्हा एकेक तपासले. दोघांनी बोलायचं टाळलं नाही, उलट नेहमीपेक्षा जास्त बोलले. हा बसला का, हो बसला, तो बघ, बघितला.

मग दानीएल कठड्यासमोर उभा राहिला. खाली सगळे जमले होते. काकासाहेब हाताची घडी घालून, धनश्री मॅडम, कॅमेऱ्याची माणसं आणि मधोमध खुर्चीवर गोजरबाई. पायऱ्यांवर गाद्या टाकायला फाइट मास्टर निघाला होता. दानीएलने मान हलवून नको म्हटलं. तो शहाणपणा नव्हता हे त्याला कळत होतं.

त्याने दोन्ही हात दांडीवर ठेवले. कठडा पक्का आहे हे त्याला ठाऊक होतं. पण काल सहायकाला झाला म्हणतानाही त्याला असंच ठाऊक होतं. तळव्यांना घाम सुटला. त्याने हात पँटला पुसून परत ठेवले. मग पोट दांडीला लावलं, पुढे झुकला आणि दोन्ही पाय फळीवरून उचलले. त्याचं सगळं वजन दांडीवर आलं, डोकं पायऱ्यांच्या वर. दगडांवर काल आदळलेल्या लाकडाचे पांढरे ओरखडे त्याला दिसले.  त्याने मनात वीसपर्यंत मोजलं. कठडा हलला नाही.

मग त्याने पाय टेकले आणि बाजूला झाला. वाल्मिकने काही न विचारता त्याच्या जागी येऊन तसंच केलं.

गोजरबाई उठल्या आणि मेकअपच्या तंबूकडे गेल्या. तासाभराने हिरव्या लुगड्यात त्या शिडी चढून वर आल्या. दाराशी थांबून त्यांनी दम घेतला.

"मिस्त्री, तू खाली जाऊ नगं," त्या म्हणाल्या. "हितं दाराच्या मागं उभा ऱ्हा."

"राहतो."

"आन म्या पुन्यांदा सांगते, मला धरायचं न्हाई. नुस्तं उभं ऱ्हायचं."

लाल झेंडा वर गेला. जनरेटर बंद झाला. दानीएल दाराच्या पाठीमागे, प्लायवूडला पाठ लावून उभा राहिला. त्याला त्यांची पावलं ऐकू आली, एक, दोन, तीन, मग थोडं थांबणं. कठड्यापाशी पोचल्यावर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. खालून कुणी कट म्हणालं नाही. मग हात दांडीवर टेकल्याचा आवाज आला, बांगड्यांसकट.

"आली गं बया," गोजरबाईंचा आवाज पाण्यावर लांबवर गेला. "सायबाची होडी आली. चुलीवर पानी ठेवा."